पिठावरची पावलं

आमच्या घरी ‘आत्मा’ हा शब्द कीर्तनकारांचा होता. सप्ताह बसला की देवळात ऐकायचा आणि तिथेच ठेवून यायचा. घरात चालायचा तो ‘जीव’. आणि हा जीव म्हणजे पितळेच्या तांब्यासारखी, इकडची तिकडे करता येणारी चीजच होती. तो कुणाला तरी लावता यायचा, कुणावरून ओवाळून टाकता यायचा, टांगणीला लागायचा, मुठीत धरून पळता यायचं. कशात तरी तो अडकायचा आणि सगळं निभावलं की भांड्यात पडायचा. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, “आजी, जीव भांड्यात पडला म्हणतेस, तो नक्की कुठल्या भांड्यात?” आजी चुलीपुढून न उठता म्हणाली, “झाकण आहे त्या. उघड्यावर पडला तर मांजर खाईल ना!”

जीव ही अशी हाताला लागणारी वस्तू आहे का, हा प्रश्न पुढे पुस्तकांतून भेटला तेव्हा मला तो नवा वाटला नाही. आमच्याकडे प्रत्येक मयतीला तो विचारला जायचा. फक्त तोंडाने कुणी बोलत नसे.

आमचं गाव रोह्याच्या अलीकडे, कुंडलिकेच्या काठी. आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ज्या जागी त्यांनी प्राण सोडला ती जागा सारवली, तिथे पणती लावली, पणतीशेजारी तांदळाचं पीठ चाळून पसरलं आणि पिठावर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलून पिठावर कुणाची पावलं उमटलीत ते बघायचं. जीव जाताना पाऊल ठेवून जातो, आणि पाऊल ज्याचं त्या जन्माला तो जातो, अशी समजूत. सकाळी सगळे वाकून बघू लागले. थोरल्या काकांना पाखराचा पाय दिसला. आत्याला तान्ह्या पोराची टाच दिसली. कंदील धरून उभे असलेले माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, ते हळूच म्हणाले, “झुरळ फिरलं असेल.” आजीने ते ऐकलं. ती रागावली नाही. पुढचा महिनाभर मात्र तिने घरात कुणाला झुरळ मारू दिलं नाही.

यात एक हिशेब आहे. पिठावर पाऊल उमटायचं तर पावलाला वजन हवं. दहाव्याला पिंड ठेवतात, म्हणजे त्याला भूकही हवी. म्हणजे आमच्या रीतीभातींतला जीव अगदी हलका का होईना, पण देहधारीच आहे. तोच जीव देवळातल्या प्रवचनात शस्त्राने तुटत नाही, पाण्याने भिजत नाही. आमच्या गावाला या दोन गोष्टींत कधी भांडण दिसलं नाही. सकाळी गीता ऐकायची, रात्री पीठ पसरायचं.

आणि हे काही अडाण्यांचं काम म्हणून सोडून देता येत नाही. मोठमोठी माणसं याच वाटेने गेली आहेत. कठोपनिषदात पुरुष अंगठ्याएवढा म्हटलाय. जैन मतात जीव ज्या देहात जातो त्या देहाएवढा होतो, मुंगीत मुंगीएवढा आणि हत्तीत हत्तीएवढा. दिवा मडक्यात ठेवला तर मडकंभर उजेड आणि खोलीत ठेवला तर खोलीभर, तसं. त्यांच्याकडे कर्मसुद्धा पुद्गल आहे, म्हणजे जडच, आणि ते जीवाला चिकटतं. वैशेषिकांनी नऊ द्रव्यं मोजली, त्यांत माती-पाण्याच्या रांगेत आत्म्यालाही बसवलं. फक्त तो आकाशासारखा सगळीकडे भरलेला आहे असं म्हटलं. चार्वाक उलट टोकाचे. माती, पाणी, तेज, वारा एकत्र आले की त्यातून चैतन्य उपजतं, जशी साध्या जिन्नसांतून आंबल्यावर नशा उपजते. आमच्या भागात हे समजायला पंडित लागत नाही. सकाळी उतरवलेली गोड ताडी दुपारपर्यंत चढायला लागते. नशा बाहेरून कुणी आणून ओतलेली नसते.

पण या सगळ्यांपेक्षा मला धरून ठेवलं ते दीघनिकायातल्या पायासी राजाने. हा सेतव्येचा राजा. परलोक नाही, जीव वगैरे काही निघून जात नाही, असं त्याचं म्हणणं, आणि त्याने ते करून बघितलं होतं. देहदंडाच्या चोराला त्याने जिवंतच मडक्यात घातलं, तोंड चामड्याने आणि मातीने बंद केलं आणि मडकं चुलीवर ठेवलं. तो मेल्यावर हळूच तोंड उघडून बघितलं, जीव बाहेर पडताना दिसतो का. दिसला नाही. दुसऱ्या चोराला जिवंतपणी तोलला, मग गळा आवळून मारला आणि पुन्हा तोलला. वजन कमी भरायच्या ऐवजी प्रेत जास्तच जड लागलं. मग काय गेलं यातून, असा त्याचा सवाल.

हे वाचताना अंगावर काटा येतो. प्रश्न आपल्या टोपलीखालच्या पिठाचाच आहे, पण एका माणसाला माणूस मारून उत्तर हवं होतं. जैनांच्या रायपसेणिय सूत्रातही जवळजवळ हीच कथा पएसी राजाच्या नावाने येते. म्हणजे हा सवाल त्या काळी चांगलाच गाजला असणार.

राजाला कुमार कस्सप नावाच्या भिक्षूने उत्तर दिलं. तो म्हणाला, एक शंख वाजवणारा सरहद्दीवरच्या गावात गेला. गावाच्या मधोमध उभं राहून त्याने तीनदा शंख फुंकला आणि शंख खाली ठेवला. लोक जमले. एवढा गोड आवाज कुणाचा, म्हणून विचारू लागले. त्याने शंखाकडे बोट दाखवलं. लोकांनी शंखाला उताणा केला, पालथा केला, कुशीवर वळवला, हाताने थापटला, काठीने बडवला. “बोल, शंखा, बोल!” शंख काही बोलेना. कस्सप एवढंच सांगतो, की माणूस, त्याची खटपट आणि वारा ही जोड असते तेव्हा शंख वाजतो. आवाज शंखात साठवलेला नसतो, म्हणून शंख फोडून तो सापडत नाही.

गंमत म्हणजे बौद्ध स्वतः कायमचा आत्मा मानत नाहीत. तरीही तराजूवर आत्मा शोधणाऱ्या राजाला त्यांनीच सांगितलं, की तू चुकीच्या हत्याराने मोजतोयस.

हत्यार बदललं नाही. १९०७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हॅवरहिल गावच्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरने आपले प्रयोग छापले. मरायला टेकलेल्या सहा माणसांच्या खाटा त्याने तराजूवर ठेवल्या होत्या. पहिल्या माणसाचं वजन मरताक्षणी पाऊण औंसाने उतरलं. आत्म्याचे ‘२१ ग्रॅम’ म्हणतात ते हेच. बाकीच्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, दोघांचे तर धरताच आले नाहीत, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. मग त्याने १५ कुत्री मारून तोलली. त्यांचं वजन घटलं नाही, म्हणून कुत्र्यांना आत्मा नाही असं त्याने ठरवलं.

आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने त्या डॉक्टरला ओटीवर उभं केलं नसतं. जिथे पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावल्याची गोष्ट सांगतात, तिथे कुत्र्याला जीव नाही हे तराजूच्या सांगण्यावरून कोण ऐकेल? आत्मा जड वस्तू मानली की हे होतं बघा. ज्याच्यात ती सापडली नाही त्याला काहीही करायची मोकळीक मिळते. आधी चोर, मग कुत्री. म्हणून हा प्रश्न मला रिकामटेकडा वाटत नाही.

आता पेणकडे वळतो, कारण जड वस्तूत जीव घालायचा आणि काढायचा धंदा आमच्या मामाकडे होता. मामाचं गाव पेण तालुक्यात, हमरापूर-जोह्याच्या पट्ट्यात. तिथे घरटी गणपतीचे कारखाने. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलं की अंगणात, माळ्यावर, पडवीत शेकडो गणपती उभे असत. कुणाला हात नाही, कुणाला रंग नाही आणि डोळे तर कुणालाच नाहीत. आम्ही पोरं त्यांच्यामधून लपाछपी खेळायचो. एखाद्याची सोंड मोडली तर मामा फक्त “आंधळे आहात काय रे” म्हणायचा आणि ओली माती लावून जोडून टाकायचा. पण डोळ्यांच्या आखणीला मामा बसला की घर गप्प व्हायचं. बारीक ब्रश, श्वास रोखलेला. एक डोळा, दुसरा डोळा, मग बुबुळातला पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की त्या गणपतीसमोर आम्ही लपाछपी खेळत नसू. तसा काही नियम नव्हता, पण पाय आपोआप थबकायचे.

शास्त्राप्रमाणे तेव्हा त्यात काहीच नसतं. चतुर्थीला घरी भटजी येतात, दूर्वेने स्पर्श करून प्राणप्रतिष्ठा करतात, तेव्हा ती देव होते. उत्तरपूजेनंतर अक्षता टाकून मूर्ती जागची जरा हलवतात, की ती पुन्हा माती. मी मामाला विचारलं, “मग डोळे आखल्यावर तू नमस्कार का करतोस? प्राण तर भटजी घालणार.” मामा म्हणाला, “डोळ्यांआधी तो माल असतो. डोळ्यांनंतर तो माझ्याकडे बघतो. भटजींचं मला नाही माहीत.”

आणि विसर्जनानंतर? शाडूची मूर्ती विरघळून जाते. प्लास्टर ऑफ पॅरिसची विरघळत नाही. भोगावतीच्या काठी नवव्या-दहाव्या दिवसानंतर अर्धे हात, अर्धी मुकुटं पडलेली मी पाहिली आहेत. उत्तरपूजा झालेली, प्राण काढून घेतलेला, म्हणजे हिशेबाने ते नुसतं प्लास्टर. तरी त्याच्यावर पाय देऊन पुढे जाणारा माणूस मी पाहिला नाही. माणसं मान वळवून, चपला सावरून कडेने जातात. प्रेताचं तसंच आहे. आत काही नाही म्हणतो आणि तरी अंघोळ घालताना पाणी कोमट आहे ना ते बघतो.

याच पेण तालुक्यातलं गागोदं हे विनोबांचं गाव. १८९५ साली ते तिथे जन्मले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. दुसऱ्या अध्यायातून त्यांनी ठसवल्या त्या गोष्टी म्हणजे आत्म्याची अमरता, देहाची क्षुद्रता आणि स्वधर्म. १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्नपाणी-औषध सोडून त्यांनी देह ठेवला. बोललेलं असं शेवटपर्यंत नेणारे थोडे. आम्ही बाकीचे दर एकादशीला मान डोलावतो, आणि घरात मयत झाली की आमचं खरं मत काय आहे ते उघडं पडतं.

आमच्याकडे ते दादांच्या वेळी पडलं.

दादा रोहा आगारात एसटीचे ड्रायव्हर होते. तीस वर्षं गाडी चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला आणि जेवताना सांगून टाकलं, “सरकारने तीस वर्षं तपासून घेतलेले डोळे आहेत. जाळायचे कशाला?” तेव्हा सगळे हसले. श्रावणात एका पहाटे, चारच्या सुमाराला ते गेले. बाहेर पाऊस धो धो. मी फोन लावला. नेत्रपेढीच्या माणसांनी सांगितलं, पापण्या मिटा, त्यांवर ओला कापूस ठेवा, उशी देऊन डोकं उंच करा, पंखा बंद करा, आम्ही निघतो. सहा तासांच्या आत व्हायला हवं. मी पंखा बंद केला तेव्हा थोरल्या काकांनी विचारलं, “काय चाललंय?”

मी सांगितलं. काका माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते भिंतीला टेकून बसले आणि म्हणाले, “डोळे काढलेस तर त्याला वाट कशी दिसणार रे?”

मी एवढी पुस्तकं वाचलेली, पण त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. फक्त वरचा पारदर्शक पडदा घेतात, अर्ध्या मिलिमीटरचा, त्यात रक्ताची एक शीरही नसते, चेहरा बिघडत नाही, दोन माणसांना दिसू लागतं, हे सगळं मी सांगितलं. ते खरं होतं. पण काका पडद्याबद्दल विचारत नव्हते. त्यांच्यासमोर त्यांचा धाकटा भाऊ अंधारात, पावसात, एकटा वाट शोधत निघालेला होता. ज्याची पावलं पिठावर उमटतात त्याला बघायला डोळेही हवेत. त्यांचा हिशेब चोख होता. पुढच्या जन्मी आंधळा होईल, असंही शेजारचं कुणीतरी पुटपुटलं. घरच्यांची संमती नसेल तर नेत्रपेढीची माणसं हात लावत नाहीत. सगळे आईकडे बघू लागले. ती तर कुणाकडेच बघत नव्हती.

बोलली ती आत्या. दादांहून पंधरा वर्षांनी मोठी, लेखी सही येत नसलेली. ती काकांना म्हणाली, “भाऊ, रात्रीची ड्युटी संपवून तो आगारातून घरी कसा यायचा? बॅटरी असायची का त्याच्या हातात? ह्या गावची वाट त्याला डोळ्यांनी ठाऊक नाही, पायांनी ठाऊक आहे. आणि शेवटची दहा वर्षं तो चष्माच शोधत होता घरभर. दे डोळे.”

आत्याने जीव वस्तू नाही असं म्हटलं नाही. त्याला वाट चालायची आहे हे तिने काकांइतकंच मानलं. फक्त त्याच हिशेबात तिने देण्याला जागा करून दिली. काका बराच वेळ गप्प राहिले, मग उठून दारातल्या चपला बाजूला करू लागले, येणाऱ्यांना आत यायला. पावणेनऊला गाडी आली. आईने कागदावर सही केली.

दहाव्याला कुंडलिकेवर कावळा शिवला नाही. पाऊस थांबत नव्हता आणि कावळे कुठे दडले होते कोण जाणे. “आईला बघू”, “धाकटीचं लग्न करू”, “काकांना अंतर देणार नाही”, जेवढी वचनं सुचली तेवढी दिली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. घरी परत येताना काका एवढंच म्हणाले, “पान कुठे ठेवलंय ते दिसलं नसेल त्याला.” मी पावसाचं नाव काढलं नाही.

शंखाच्या गोष्टीवर मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. आवाज शंखात नाही हे पटतं. मग तो होता कुठे? छांदोग्यातला उद्दालक मुलाला पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि सकाळी म्हणतो, मीठ काढून दे. मीठ हाताला लागत नाही, पण वरून, मधून, तळातून, कुठूनही चाखलं तरी खारट. आमच्याकडे खाडीकाठच्या आगरांवर हा धडा उलटा चालतो. पाणी आटवतात आणि मीठ हाताला लागतं. म्हणून दृष्टांत ताणून चालत नाही, कारण मीठ शेवटी जडच आहे. पण त्यातली एक गोष्ट उरते. जे एका जागी सापडत नाही ते नाहीच, असं म्हणता येत नाही.

माझं स्वतःचं मत सांगायचं तर आत्मा ही पदार्थासारखी वस्तू नाही. तिला पाऊण औंस वजन नाही, ती मडक्यात कोंडता येत नाही आणि डोळ्यांबरोबर काढून नेता येत नाही. पण म्हणून आजीची भाषा मी खोटी मानत नाही. तिच्या भाषेत जीव छातीत फारसा राहायचाच नाही. तो गाईत अडकलेला, नातवाला लावलेला, दुसऱ्यासाठी तुटणारा असा बाहेरच असायचा. मेलेल्या माणसाच्या देहात काहीच सापडत नाही याचं तिला नवल वाटलं नसतं. जिवंतपणी तरी तो सगळा तिथे कुठे होता?

रोह्यातच १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी आपल्या माणसांना हेच वेगळ्या तऱ्हेने शिकवलं, की जो तुझ्या आत बसलाय तोच समोरच्याच्या आत. या एका समजुतीवर गावोगावची माणसं देवाचं म्हणून एक शेत पाळीपाळीने कसतात आणि पीक गरजवंताला जातं. आत बसलेला तो वजनदार की बिनवजनाचा, याने त्या शेताचं पीक कमी-जास्त होत नाही. त्याच्यामुळे माणूस हात आखडतो की पुढे करतो, त्याने होतं.

डोळे कुणाला मिळाले ते सांगत नाहीत, तसा दंडकच आहे. काकांना ते मान्य नाही. रोह्याच्या बाजारात, धावीर महाराजांच्या पालखीच्या गर्दीत, एखादा अनोळखी माणूस जरा टक लावून बघायला लागला की काका त्याच्याकडे परत बघतात. एकदा मला म्हणाले, “त्याला आपलं घर दिसत असेल का रे?” मी समजावलं, पडदा फक्त उजेड आत सोडतो, बघणारा तो माणूस वेगळा. काका म्हणाले, “म्हणजे काचच की.” जरा वेळाने म्हणाले, “काच तर काच. पुसून नीट ठेव म्हणावं त्याला.”